अर्धे घरटे

ओढ्यावर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. मुलांनो, या पक्ष्यांत घरटे विणण्याचे काम नराचे. त्या बाभळीवर एक रीत होती. घरटे अर्धे झाले की विणणाऱ्याने वसाहतीतल्या म्हाताऱ्या पक्ष्याला बोलवायचे. म्हातारा यायचा, घरट्याला लोंबकळायचा, हिसके द्यायचा, गाठी चोचीने ओढून बघायचा आणि मनास आले नाही तर सरळ म्हणायचा, "उसव!"

त्या वर्षी एक तरुण पक्षी पहिल्यांदाच विणायला बसला होता. चोच मोठी चपळ, पण मान त्याहून ताठ. शेजारच्या फांदीवर त्याच्याच वयाचा एक सोबती होता. त्याचे अर्धे घरटे म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा उसवायला लावले, तेव्हा सारी बाभूळ हसली, आणि सर्वांत मोठ्याने हसला तो हाच. पण उद्या आपल्यावरही हीच पाळी येणार, हे त्याच्या ध्यानात आले. आपली अशी शोभा होऊ द्यायची नाही, दाखवायचे ते पुरे झालेलेच, असे ठरवून त्याने दाट पाल्याआडची एक डहाळी निवडली.

"काय रे, कुठवर आलंय? येऊ का बघायला?" म्हातारा अधूनमधून विचारी.

"झालंच जवळपास, आजोबा! थोडंसंच राहिलंय," हा उत्तर देई.

खरे तर विणताना डहाळी करकरते आहे, हे त्याला ऐकू येत होते. विचारावेसे फार वाटे, पण जीभ रेटत नसे. इतके विणून झाल्यावर आता काय विचारायचे? मग तो डहाळीभोवती गवताची आणखी पाती गुंडाळी आणि पुढे विणू लागे.

घरटे पुरे झाले आणि खरोखरच देखणे झाले. एक मादी ते पाहायला आली. आत शिरली, बाहेर आली, पुन्हा आत शिरली.

"आजोबांनी पाहिलंय ना?" तिने विचारले.

तो जरा घुटमळला. "हो तर! त्याशिवाय का पुरं केलं?"

तिने विश्वास ठेवला. काही दिवसांनी त्या घरट्यात पांढरीशुभ्र अंडी होती.

एका दुपारी ती दाणे टिपायला गेली असताना सोसाट्याचा वारा सुटला. सोबत्याचे ओबडधोबड घरटे गदागदा हलले, पण टिकले. याची डहाळी मात्र कडकन मोडली आणि घरटे अंड्यांसकट ओढ्यात गेले. तो पाण्यावर घिरट्या घालत ओरडत राहिला. ती परतली तेव्हा दाखवायलाही काही उरले नव्हते.

म्हाताऱ्याने मोडलेल्या डहाळीचा खुंट न्याहाळला. "आतून किडलेली होती रे पोरा. मी लोंबकळलो असतो तर तेव्हाच मोडली असती. अर्धं घरटंच गेलं असतं."

त्याने रागवावे, चोच मारावी, असे तरुण पक्ष्याला वाटत होते. पण म्हातारा उडून गेला.

तरुण पक्ष्याने दुसरी फांदी धरली. अर्धे झाल्याबरोबर स्वतः जाऊन म्हाताऱ्याला घेऊन आला, सगळ्यांदेखत उसवले, पुन्हा विणले. घरटे पक्के झाले. मग तो तिची वाट पाहू लागला. एके सकाळी ती आली, पण आत शिरली नाही.

"आजोबांना विचार हवं तर," तो काकुळतीने म्हणाला. "या वेळी खरंच पाहिलंय त्यांनी."

"असेल," ती म्हणाली. "घरटं काय, कुणाचंही पडतं. पण मी विचारलं होतं, आणि तू हो म्हणालास."

ती उडाली आणि ओढ्यापलीकडच्या झाडांत दिसेनाशी झाली. त्या हंगामात ते घरटे रिकामेच राहिले.

तात्पर्य : अर्धे काम दाखवल्याने होणारे हसे दोन दिवसांत विरते, लपवलेल्या चुकीची किंमत मात्र आपल्यावर विसंबलेल्यांना मोजावी लागते.