फिरती हाक

समुद्राच्या काठी खारशेत नावाचं एक बंदर होतं. बंदर आपलं म्हणायला. धक्का इतका आखूड की गलबत लागलं तर त्याचं शेपूट बाहेर राहायचं. वखारी दोन, त्यातल्या एकीचं छप्पर दर पावसाळ्यात उडून शेजारच्या वाडीत जायचं. पण खाडी खोल होती, आतलं पाणी शांत होतं. डोंगरापलीकडच्या गावांचा तांदूळ, सुपारी, काथ्या सगळं इथूनच बाहेर पडायचं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची एक रांग होती. लोक तिला दातेरी म्हणायचे. पलीकडच्या भूशिरावर मोठा तेलाचा दिवा होता. अंधारात आलेली गलबतं त्या दिव्याकडे बघून वळायची आणि दातेरी चुकवून आत यायची.

या बंदराची एक जुनी रीत होती. धक्क्यापासून दिव्यापर्यंत खडकांवरून पायवाट होती आणि वाटेवर जागोजागी हाकारे उभे असायचे. धक्क्यावरून हुकूम सुटला की एक हाकारा दुसऱ्याला ओरडून सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. पण समुद्रावरचा वारा अर्धे शब्द खाऊन टाकतो. म्हणून ज्याच्याकडे हुकूम पोचला, त्यानं काम करण्याआधी तो आपल्या शब्दांत परत ओरडायचा. "नांगर सोड" असं धक्क्यावरून गेलं, की गलबतावरून हाक यायची, "पाण्यात टाकू काय?" इकडून "हो" गेलं की मगच नांगर पडायचा. हिला म्हणायचे फिरती हाक. गलबत निघतानाही तीच रीत. गलबताचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, ओरडायचा, "येतो!" काठावरून कुणीतरी ओरडायचं, "ये रे!" ही हाक फिरल्याशिवाय कुणी शीड चढवत नसे.

दुसरी रीत तुमच्याआमच्या घरातलीच आहे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढते. दिवाही कुणी विझवत नाही, दिवा वाढवतात. जिथं घरोघरचा माणूस समुद्रावर, त्या गावात दिव्याबद्दल वाईट शब्द कोण तोंडातून काढील? खारशेतच्या दिव्यालाही कधी कुणी 'विझव' म्हटलं नव्हतं. मधे एकदा चाच्यांच्या होड्या दिसल्या होत्या. तेव्हा धक्क्यावरून हाक गेली, "दिवा वाढव." दिवा शांत झाला, चाच्यांना खाडीचं तोंड सापडलं नाही, ते पुढं निघून गेले.

त्या बंदराचा कारभारी होता जिवाजी. आईबाप वादळात गेले तेव्हा जिवाजीला नुकती मिसरूड फुटत होती आणि धाकटा भाऊ मुकुंदा पाळण्यात होता. जिवाजीनं त्याला कडेवर घेऊन, पेज भरवून वाढवलं. दूरच्या मोठ्या बंदरात नोकरी धरली तेव्हाही त्याला बरोबर नेलं. पोटासाठी लग्नाचं राहून गेलं, पण मुकुंदाला काही कमी पडू दिलं नाही. मुकुंदा मोठा होऊन तांडेल झाला, आणि जिवाजी बंदराच्या कामात वाकबगार होऊन गावी परतला. गावानं कारभार त्याच्या हाती दिला.

जिवाजी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे सगळ्यांआधी धक्क्यावर तो, संध्याकाळी सगळ्यांनंतर घरी तो. मोठ्या बंदरात त्यानं जे पाहिलं होतं, ते त्याला खारशेतला आणायचं होतं. त्यामुळं त्याच्या तोंडी एकच शब्द बसला होता. धक्का वाढवा. वखारी वाढवा. हमाल वाढवा. जेवताना स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही "वाढ" न म्हणता "वाढवा" म्हणायचा आणि मुकुंदा हसून लोळायचा. पण शब्द फळाला आला. धक्का लांब झाला, वखारींना पक्की छपरं आली, परमुलखाची गलबतं दिसू लागली. ज्या घरांत एक वेळ चूल पेटायची तिथं दोन्ही वेळा पेटू लागली.

एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याचं गलबत भरत होतं आणि ओहोटी लागली. हुकुमावर फिरती हाक, तिच्यावर "हो", पुन्हा हुकूम, पुन्हा हाक. एवढ्यात पाणी उतरलं आणि गलबत चिखलात बसलं. व्यापारी चिडला आणि परत आलाच नाही. जिवाजीला हे फार लागलं. त्यानं सगळ्यांना धक्क्यावर जमवलं.

"आजपासून फिरती हाक बंद. हुकूम एकदा सुटला की काम झालं पाहिजे. मोठ्या बंदरात कोणी उलट विचारत नाही."

मुकुंदा तेवढा बोलला. "दादा, हाक वेळ खाते हे खरं. पण समुद्र माणसं खातो."

"तू गलबत सांभाळ, मी बंदर सांभाळतो," जिवाजी म्हणाला. थोरल्या भावाला चारचौघांत उलट बोलायची मुकुंदाला सवय नव्हती.

दिव्यावर शेवंती होती. बाप गेल्यावर दिवा तिच्याकडे आला होता. बापाच्या हाताखाली ती वाढली ती फिरती हाक ऐकतच. त्यामुळं हुकूम आला की हाक तिच्या तोंडून आपसूक निघायची. असाच एकदा हुकूम पोचला, "तेल भर." ती ओरडली, "आताच भरू, का सांजचं?" जिवाजी त्या वेळी जवळच्याच खडकांवर गवंड्यांना काम दाखवत होता. तो तरातरा वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला तेल जाळायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही."

गवंडी हसले. शेवंती खाली मान घालून तेल भरू लागली. त्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. जिवाजीला वाटलं, बाई सुधारली.

पुढं नव्या धक्क्यासाठी मोठे ओंडके हवे होते. ते आणायला मुकुंदाच निघाला. शिडाची दोरी हातात घेऊन तो ओरडला, "येतो रे, दादा!"

जिवाजी मुकादमाशी पायाच्या दगडांबद्दल हुज्जत घालत होता. त्याच्या कानावर हाक आली. आता वळतो, असं म्हणता म्हणता बोलणं लांबलं. मुकुंदा हात वर करून थांबला होता. खलाशी एकमेकांकडे बघू लागले, तशी त्यानं हात खाली घेतला आणि शीड चढवलं. जिवाजीनं वळून पाहिलं तेव्हा गलबत दातेरीच्या पलीकडे गेलं होतं. आल्यावर भेटूच, असं त्याच्या मनात आलं आणि तो पुन्हा दगडांकडे वळला.

मुकुंदा परत यायच्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. तिन्हीसांजेला वारा उठला, पाऊस आडवा मारू लागला. शेवंतीनं वेळेआधीच दिवा लावला होता. सगळं बंदर धक्क्यावर उभं होतं. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. लाटांच्या वर एक शीड दिसत होतं, नाहीसं होत होतं. मुकुंदाचंच गलबत.

जिवाजीनं भूशिराकडे पाहिलं. पावसाच्या पडद्यामागं दिवा अगदी मंद दिसत होता. एवढ्याशा उजेडावर मुकुंदा दातेरी कशी चुकवणार? ज्योत मोठी हवी, आणखी वाती हव्यात, तेल हवं. त्याच्या जिभेवर बसलेला शब्द बाहेर पडला.

"दिवा वाढवा! दिवा वाढवा!"

त्या शब्दाचा दुसरा अर्थ जिवाजीला ठाऊक नव्हता असं नाही. तो याच गावचा होता. पण त्या क्षणी तो त्याला आठवला नाही.

हाकाऱ्यांनी हाक उचलली. पहिल्याला चमत्कारिक वाटलं, पण त्यानं पुढं ओरडून सांगितलं. दुसऱ्यालाही वाटलं, त्यानंही सांगितलं. विचारायचं नाही असाच हुकूम होता. शब्द शेवंतीपर्यंत पोचला.

शेवंती दचकली. अशा वादळात? आपलं गलबत बाहेर असताना? मग तिला चाचे आठवले. कारभाऱ्यांना तिकडून काही दिसलं असेल, जे इथून दिसत नाही. "म्हणजे शांतच करू काय?" एवढीच हाक द्यायची होती. ती तिच्या ओठांपर्यंत आली. मग तिला गवंड्यांचं हसू आठवलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि दिव्यावर झाकण टाकलं.

धक्क्यावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर भूशिर काळं झालं.

"लाव! लाव! अगं, लाव!" जिवाजी ओरडला. मग हाकाऱ्यांची वाट न बघता तो स्वतःच खडकांवरून धावत सुटला. शेवंतीनं ठिणगी पाडली, पण वारा आत शिरला होता, वात भिजली होती. ती पुन्हा पेटली तेव्हा दातेरीवरून लाकूड फुटल्याचा आवाज येऊन गेला होता.

खलाशी ओंडक्यांना धरून काठाला लागले. जो कुणी वर यायचा त्याला जिवाजी विचारायचा, "मुकुंदा?" शेवटचा खलाशी म्हणाला, "तांडेल सुकाणू सोडीना. म्हणाला, दादा दिवा लावील. आता लावील." त्यानंतर समुद्रातून कुणी आलं नाही. मुकुंदा त्या दिवशी सापडला नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी गाव धक्क्यावर जमलं. लोक शेवंतीवर उखडले होते. कुणी म्हणालं, हिला दिव्यावरून काढा. कुणी म्हणालं, गावातूनच काढा. शेवंती रडत नव्हती. ती जिवाजीसमोर उभी राहिली.

"कारभारी, तुम्ही वाढवा म्हणालात. मी वाढवला. मला विचारायचं होतं. विचारलं नाय, ही माझी चूक."

आता जिवाजीनं नुसती मान हलवली असती तरी सगळा दोष तिच्या पदरात पडला असता. लोक तयारच होते. पण जिवाजीनं डोक्यावरची पगडी काढून धक्क्यावर ठेवली.

"तुझी चूक नाही, शेवंते. विचारायचं तोंड मी बांधलं. मुकुंदाला मीच वाढवला." त्यानं भूशिरावरच्या दिव्याकडे पाहिलं. "दोन्ही वेळा मीच वाढवला."

बाया पदरानं डोळे पुसत घरी गेल्या.

त्याच दिवशी फिरती हाक पुन्हा सुरू झाली. कारभार जिवाजीनं दुसऱ्याकडे दिला. खारशेत पुढं पुष्कळ मोठं झालं, धक्का वाढला, वखारींची रांग लागली. पण हुकूम सुटला की सगळं काम थांबतं, तिकडून हाक येते, इकडून "हो" जातं, मगच हात हलतात. बाहेरचे व्यापारी कुरकुरतात. खारशेतचे लोक त्यांना थांबायला सांगतात.

जिवाजी म्हातारा झाला. रोज तिन्हीसांजेला तो काठी टेकत धक्क्याच्या टोकाशी यायचा आणि समुद्राकडे तोंड करून ओरडायचा, "ये रे, मुकुंदा!"

मुकुंदाच्या "येतो"ला द्यायची राहिलेली ती फिरती हाक होती. हाकारे ती पुढं नेत नसत, ते खाली बघत उभे राहत. ज्या माणसानं बंदरातली उलट हाक बंद केली होती, तो तिथं कानाशी हात धरून समुद्राच्या हाकेची वाट बघत बसायचा. समुद्राकडून हाक यायची नाही. अंधार पडला की भूशिरावरून शेवंती ओरडायची, "कारभारी, दिवा लावू काय?"

"हो," म्हातारा म्हणायचा, "लाव." मग दिवा लागायचा आणि तो घरी जायचा.

तात्पर्य: हाताखालच्या माणसाला उलट विचारू द्यावं. त्याचा प्रश्न ऐकायला दोन घटका जातात, पण तो दाबला तर जे जातं ते कितीही हाका मारल्या तरी परत येत नाही.