कुंभारीण आणि थंड डबी

समुद्रापासून थोडं आत वसलेल्या एका गावात मुकुंद पडवळ नावाचा फोटोग्राफर राहत होता. लग्नं, मुंजी आणि सत्कार टिपून तो पोट भरायचा. पण त्याचा जीव घरामागच्या परसात. दव सुकायच्या आत तो अळूच्या पानांपाशी पालथा पडायचा. भिंगातून पाहिलं की परसाचा देश व्हायचा. दवाच्या थेंबात उलटे माड तरंगत. गोगलगाय चांदीची वाट मागे सोडत कुठल्याशा लांबच्या प्रवासाला निघालेली असे. कोळ्याचं जाळं वाऱ्यावर हळूच फुगे आणि ओसरे. मुकुंदला वाटे, आपण जागे आहोत की झोपेत, हे कुणी विचारूच नये.

शहरातल्या एका मोठ्या मासिकाने मुखपृष्ठासाठी त्याच्याकडे फोटो मागितला. त्याच सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण घर बांधत होती. कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची माशी. ती मातीचं बोराएवढं मडकं घडवते, आत अंडं टांगते, पिल्लासाठी अळ्या भरते आणि शेवटी मडक्याचं तोंड लिंपून टाकते. मुकुंदला तो लिंपण्याचा क्षण हवा होता. सगळं गाव त्याला ‘लग्नाचा फोटोवाला’ म्हणे. ते एकदाचं पुसायचं होतं.

पण कुंभारीण एका जागी थांबेल तर ना! फोटोत नुसता काळा-पिवळा फराटा उमटायचा.

सकाळीच संपादकांचा फोन आला. “पडवळ, दुपारी अंक छपाईला जातोय. मिळतोय का फोटो?”

“साहेब, ती हलतेच फार.”

“मग फ्रीजमध्ये ठेवा की थोडा वेळ! गारठली की बसते गप्प. सगळे तेच करतात. वाचकाला काय कळतंय?”

वाचकाला काय कळतंय! या एका वाक्यावर किती जणांची दुकानं चालतात.

मडकं अळ्यांनी भरलं होतं, तोंड तेवढं उघडं होतं. माती आणायला निघालेल्या कुंभारणीला मुकुंदने डबीत पकडलं आणि डबी फ्रीजमध्ये ठेवली. थोड्या वेळाने त्याची बायको शालन फ्रीजमधून दूध घ्यायला गेली.

“अहो! दह्याशेजारी ही कोण पाहुणी बसवलीत?”

“ओरडू नकोस. फोटोपुरती. मग सोडतो.”

“माहेरपणालाच आणलीत म्हणायची! आणि तिचं घर? दार सताड उघडं टाकून आलीय ती. बघा जरा खिडकीकडे.”

मुंग्यांची रांग चौकटीवरून उघड्या मडक्याकडे चढत होती.

मुकुंदने डबी उघडली. कुंभारीण पाय पोटाशी घेऊन पडली होती. त्याने तिला अलगद मडक्याच्या काठावर ठेवलं. कोवळं ऊन तिच्या पंखांतून निळं-जांभळं होऊन भिंतीवर सांडलं. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. बोट बटणावर गेलं. मुंग्या वीतभर खाली होत्या.

भिंगातून त्याला ती काम करताना दिसेना. नवरा-नवरीला ‘हसा’ म्हणून उभं करावं, तशी ती मांडलेली दिसत होती.

मुकुंदने कॅमेरा खाली ठेवला. ओल्या फडक्याने मुंग्यांची वाट पुसली. कुंभारणीला तळहातावर घेऊन उन्हात धरलं. बऱ्याच वेळाने एक पंख थरथरला. मग दुसरा. आणि हात रिकामा झाला.

तो फडकं घेऊन खिडकीशी राखण करत बसला. ऊन भिंतीवरून सावकाश सरकत होतं. ती येईल का, हेच कळत नव्हतं. मग बारीक गुणगुण ऐकू आली. मातीची ओली गोळी घेऊन ती मडक्यावर उतरली आणि गुणगुणतच तोंड लिंपू लागली. कॅमेरा जवळ नेला असता तर ती बिचकली असती. मुकुंद नुसता बघत राहिला. ती गुणगुण चौकटीच्या लाकडातून त्याच्या बोटांपर्यंत येत होती.

फोन वाजला. “काय पडवळ, बसली का गप्प?”

“नाही साहेब. कामाला लागली.”

“मग मी दुसऱ्या कुणाचा फोटो लावतो.”

“खुशाल लावा. फक्त खाली छापा, किडा मोकळा होता की गारठवलेला.”

पलीकडून फोन आपटला गेला.

तात्पर्य: घडलं नाही ते घडल्यासारखं दाखवणं म्हणजे खोटंच, मग ते कितीही देखणं असो, आणि अशा देखण्या खोट्यापायी नेहमी त्याचंच घर मोडतं, ज्याला तक्रार करता येत नाही.