तळाशी गप्प बसलेला गोटू

फार जुनी गोष्ट. एका डोहात पाणमांजरांची वस्ती होती. पिल्लांनी बुडी मारायची आणि म्हाताऱ्या दाजीबानं शीळ घातल्याशिवाय वर यायचं नाही, असा तिथला रिवाज. म्हातारे स्वतः खडकावर ऊन खात बसायचे. बुडीआधी भराभर श्वास घ्यायला तेच शिकवायचे. मग 'श्वास घे' म्हणून मेंदू जो आरडाओरडा करतो, तो फार उशिरा सुरू होतो; कधी कधी त्याआधीच शुद्ध हरपते.

एकदा झिपरी नावाचं पिल्लू शीळ वाजण्याआधीच वर आलं. दाजीबा खेकसला, "मनानं कच्ची आहेस कार्टे! भावाकडे, गोटूकडे बघ, तळाशी कसा गप्प बसलाय."

गप्प? झिपरीनं पाण्यात डोकं घालून पाहिलं, गोटू हलतच नव्हता. तिनं सूर मारला आणि शुद्ध हरपलेल्या गोटूला मानेला धरून खडकावर ओढलं. क्षणभर काहीच हललं नाही. मग बेशुद्ध गोटूची छाती आपोआप वरखाली होऊ लागली.

"मी शीळ घातली नव्हती," दाजीबा पुटपुटला.

"मेंदूनं श्वास सुरू केला, आजोबा. तो गोटूलाही विचारत नाही, तुम्हाला काय विचारणार?"

गोटूनं डोळे उघडले, तेव्हा सगळी पिल्लं पाण्याबाहेर येऊन बसली होती. परवानगी कुणीच मागितली नव्हती.