कडू न लागणारा काढा

मुलांनो, आणि मुलांना पुढे बसवून मागून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

पूर्वी एकदा त्या राज्यावर एक राणी राज्य करत होती. तिचं नगर डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि नगराच्या वेशीजवळ तिने एक औषधशाळा बांधली होती. राज्यात कुणीही आजारी पडलं, तर त्याला तिथून औषध मिळे.

औषधशाळेचे प्रमुख होते वैद्यराज. विद्येत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण माणसांवर त्यांचा तिळभर विश्वास नव्हता. औषधांच्या कोठीला तीन कुलपं होती आणि तिन्ही किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. औषधं कुटणाऱ्या बायकांच्या तोंडाला ते फडकी बांधायला लावत. न जाणो, एखादी चिमूटभर तोंडात टाकायची! तयार झालेली प्रत्येक पुडी दोऱ्याने बांधली जाई, दोऱ्यावर लाख ओतली जाई आणि लाखेवर वैद्यराज स्वतः आपली मोहोर उमटवत. मोहोर शाबूत असली, की लोक डोळे मिटून औषध घेत.

एका वर्षी पावसाळा संपता संपता नगरात हगवणीची साथ आली. पोटात मुरडा, रक्त, ताप. साथ दर दोन-तीन वर्षांनी यायची, त्यामुळे सुरुवातीला कुणी फारसं घाबरलं नाही. या रोगावर औषधशाळेत कुडा नावाच्या रानझाडाच्या सालीचं चूर्ण मिळत असे. त्याचा काढा तीन दिवस घेतला, की माणूस उठून कामाला लागायचा.

या वेळी माणसं उठेनात.

तीन दिवस गेले, पाच गेले. काढा पोटात जात होता आणि रोग जागचा हलत नव्हता. विणकरांच्या आळीत सर्वांत आधी दोन मुलं गेली. मग तिसरं गेलं.

राणीने वैद्यराजांना बोलावून घेतलं. "वैद्यराज, औषध का लागू पडत नाही?"

"औषधात दोष नाही, राणीसाहेब," वैद्यराज ठामपणे म्हणाले. "मी एकेक पुडी तपासली आहे. कुणीतरी मधल्या मध्ये हात मारतंय."

"कोण?"

"तेच शोधतो."

आणि वैद्यराजांनी शोध सुरू केला. आधी त्यांना पुड्या आळीआळीत पोचवणाऱ्या गाडीवानाचा संशय आला. वाटेत गाडी थांबवून तो पुड्या बदलत असेल, म्हणून त्यांनी त्याच्यामागे माणूस लावला. मग पहारेकऱ्यांचा संशय आला, म्हणून पहारेकऱ्यांवर पहारा बसला. कुटणाऱ्या बायकांची रोज झडती होऊ लागली. कोठी सांभाळणाऱ्या कोठावळ्याला तर त्यांनी दोन दिवस एकट्याला कोंडून प्रश्न विचारले. कोठावळा घाबरून एवढंच म्हणत राहिला, "मी तुमच्या शब्दाबाहेर काही केलं नाही, महाराज." कुणाकडेच काही सापडलं नाही.

संशय हा असा पाहुणा आहे, मुलांनो, की तो एका घरात मुक्कामाला आला की आळीभर जेवत फिरतो. हळूहळू सगळं नगरच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागलं. शेजारीण शेजारणीच्या घरचं पाणी पिईना. खालच्या आळीने वरच्या आळीला विहिरीवर येऊ देणं बंद केलं. कुणी दळणाच्या पिठाला नावं ठेवली, कुणी तेलाला. आजारी माणसाला बघायला कुणी गेलंच, तर घरचे दारातूनच विचारत, "आज कसे काय आलात?"

अशातच एके दिवशी बाजारात कुणीतरी म्हणालं, "डोंगरावरच्या वाडीत एकही माणूस मेलेला नाही म्हणे."

वैद्यराजांच्या कानावर हे गेलं आणि त्यांचे डोळे चमकले.

डोंगरावर रानातल्या लोकांची एक वाडी होती. त्या वाडीतली वाळकी नावाची म्हातारी औषधशाळेला साली, मुळ्या आणि बिया आणून देई. आधी तिची आई आणत असे, आईच्या मागे तीस वर्षं वाळकी आणत होती. त्याच्या बदल्यात ती मीठ, धान्य आणि लुगडं घेऊन जाई. कुड्याची सालही तीच आणायची.

"साथ डोंगरावरही पोचली आहे," वैद्यराज राणीला म्हणाले. "पण तिथे कुणी मरत नाही. म्हणजे चांगलं औषध ती स्वतःकडे ठेवते आणि आपल्याला भलतंच काहीतरी देते. आणखी काय पुरावा हवा?"

शिपाई डोंगरावर गेले आणि वाळकीला घेऊन आले. वेशीतून तिला आणताना लोकांनी दोन्ही बाजूंनी गर्दी केली. ज्या बायका वर्षानुवर्षं तिच्याकडून करवंदं आणि रानभाज्या घेत आल्या होत्या, त्यांनीच तिच्यावर माती फेकली. दरबारात ती उभी राहिली तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत मातीची ढेकळं अडकलेली होती.

वैद्यराजांनी विचारलं, "सालीत काय मिसळलंस?"

"मी काय मिसळणार, बाबा? तुम्ही मागवलंत तेच आणलं."

"आम्ही कुड्याची साल मागवली होती."

"कुड्याचीच आणली. पण कोणत्या कुड्याची, ते तुम्ही—"

"उलट बोलू नकोस!" वैद्यराज कडाडले. "तुझ्या वाडीत माणसं का मरत नाहीत, एवढं सांग."

"आम्ही साल उगाळून पितो, बाबा. आमच्या पद्धतीने."

"ऐकलंत, राणीसाहेब? आमच्या पद्धतीने म्हणे!"

दरबारात कुजबुज झाली. राणीने वाळकीकडे पाहिलं. तिला म्हातारीचा चेहरा खोटा वाटत नव्हता, पण आपलं वाटणं म्हणजे काही पुरावा नव्हे, हेही तिला कळत होतं. तिने निकाल दिला नाही. खरं काय ते कळेपर्यंत वाळकीला औषधशाळेच्या अंगणातल्या खोलीत ठेवावं, असं तिने सांगितलं. वैद्यराजांना हे आवडलं नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी साथ वैद्यराजांच्या घरात शिरली.

त्यांची नात रेवा पाच वर्षांची होती. सकाळी अंगणात खेळणारी पोर दुपारी अंथरुणाला खिळली. वैद्यराजांनी या वेळी कुणावरही भरवसा ठेवला नाही. स्वतः कोठी उघडली, स्वतः पुडी आणली, मोहोर उजेडात धरून तपासली, स्वतः चूल पेटवून काढा उकळला आणि स्वतःच्या हाताने नातीला पाजला. मध्ये दुसऱ्या कुणाचं बोटही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी रेवाचे डोळे खोल गेले. तिचा हात पाखराच्या पायासारखा दिसू लागला.

वैद्यराज पुन्हा वाटी घेऊन तिच्याजवळ बसले. तिने मान वर केली आणि सगळा काढा न थांबता पिऊन टाकला. मग ओठ पुसत ती हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचं औषध चांगलं असतं. मुळीच कडू लागत नाही."

वैद्यराजांनी रिकाम्या वाटीत पाहिलं.

चाळीस वर्षं ते मुलांना कुड्याचा काढा पाजत आले होते. रडल्याशिवाय तो पिणारं एकही मूल त्यांनी पाहिलं नव्हतं. दोघांनी हात धरावे लागत, तिसऱ्याने नाक दाबावं लागे. आणि ही पोर वाटी रिकामी करून ओठ पुसत होती.

वाटीच्या तळाला दोन थेंब राहिले होते. वैद्यराजांनी ते बोटावर घेऊन जिभेला लावले. किंचित तुरट. बस, एवढंच.

मोहोर त्यांनी तपासली होती, गाठ तपासली होती, कुलूप तपासलं होतं, माणसांची झडती घेतली होती. पुडीत काय आहे, ते या चाळीस दिवसांत त्यांनी एकदाही चाखून पाहिलं नव्हतं.

ते तसेच अनवाणी औषधशाळेच्या अंगणात गेले आणि वाळकीच्या खोलीचं दार उघडलं.

"म्हातारे, त्या दिवशी दरबारात तू काहीतरी सांगत होतीस. मी तुला बोलू दिलं नाही. आता सांग."

वाळकी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कुडा दोन जातींचा असतो, बाबा. पांढरा आणि काळा. लांबून बघितलं तर सारखेच दिसतात. पांढऱ्याची साल जिभेवर ठेवली की डोळ्यांत पाणी येतं. हगवण थांबते ती त्याने; आम्ही वाडीत तीच उगाळतो. काळ्याची कडू लागत नाही आणि त्याने ही हगवण थांबतही नाही."

"हे मला ठाऊक आहे. मग तू काळ्याची का आणलीस?"

"तुम्ही मागवलीत म्हणून."

"मी?"

"दोन पावसाळ्यांमागे मी नेहमीसारखी पांढऱ्याची साल घेऊन आले. तुमच्या कोठावळ्याने ती चाखली आणि परत केली. म्हणाला, लोक कडू म्हणून कुरकुर करतात, वैद्यराजांनी कमी कडू असेल तीच साल घ्यायला सांगितलंय. मी म्हटलं, कमी कडू ती औषधाची नव्हे. तर तो म्हणाला, मोहोर वैद्यराज लावतात, तू नाही."

वैद्यराजांना तो दिवस आठवला. राणीच्या माहेरचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या कुणीतरी काढा थुंकून टाकला होता आणि दरबार हसला होता. वैद्यराज रागावून औषधशाळेत परतले होते आणि कोठावळ्याला म्हणाले होते, 'यापुढे कमी कडू साल आली तरच घे.' एवढं बोलून ते विसरून गेले होते. पुढच्या वर्षी साथ आली नाही. किरकोळ पोटदुखीला काढा घेणाऱ्यांनी तो आता कडू लागत नाही म्हणून त्यांचं कौतुक मात्र केलं होतं आणि ते त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं होतं.

"मग तू मला येऊन का सांगितलं नाहीस?"

"तुमच्या दारात मला कोण उभं करतं, बाबा?" वाळकी म्हणाली. मग खाली बघत ती बोलली, "आणि खोटं कशाला बोलू? घरात मीठ नव्हतं. जी साल घेत होते, ती मी आणली. माझंही चुकलंच."

वैद्यराज फक्त म्हणाले, "माझी नात आजारी आहे."

वाळकी उठली. वेशीबाहेरच्या टेकडीवर पांढऱ्या कुड्याची दोन झाडं होती, तिथे ती त्यांना घेऊन गेली. तिने साल काढली, मातीने माखलेलं बोट पदराला पुसलं आणि सालीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळी रेवाने पहिला घोट घेतला आणि किंचाळून वाटी उडवून लावली. घरातल्या सगळ्यांनी तिला धरून दुसरी वाटी पाजली. दोन दिवसांत तिचा ताप उतरला. पाचव्या दिवशी तिने भात मागितला. तोवर वाळकी आणि वाडीतली माणसं डोंगरावरून भारेच्या भारे साल उतरवत होती आणि नगरातल्या घराघरांतून मुलांचं रडणं ऐकू येत होतं. ते ऐकून आयांना बरं वाटत होतं.

वैद्यराज दरबारात गेले आणि आपली मोहोर राणीच्या पायांशी ठेवून त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. कोठावळ्याचं नाव त्यांनी पुढे केलं नाही. "आज्ञा माझी होती," ते म्हणाले.

राणीने मोहोर उचलली नाही. "आधी विणकरांच्या आळीत जा," ती म्हणाली. "हेच शब्द तिथे बोला."

वैद्यराज गेले. गिरजा नावाच्या विणकरणीची दोन्ही मुलं साथीत गेली होती. ती मागाजवळ बसली होती, पण माग बंद होता. वैद्यराजांनी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

गिरजाने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "आम्ही विहिरीवर संशय घेतला. शेजारणीवर घेतला. त्या म्हातारीला मी स्वतः माती मारली. फक्त तुमच्यावर कुणी संशय घेतला नाही. तुमची मोहोर बघून मी पोरांना वाटीतला शेवटचा थेंबसुद्धा पाजला, वैद्यराज."



पुढे राणीने औषधशाळेची ती मोहोर वितळवून टाकली. कोठीची कुलपं निघाली आणि कुटणाऱ्या बायकांच्या तोंडावरची फडकी सुटली. साल येईल त्या दिवशी ती सर्वांसमोर उघडायची, आणणाऱ्याने, कुटणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ती बघायची, हुंगायची, चाखायची, आणि एकालाही शंका आली तर माल परत, असा नियम झाला. दारात पहिली परीक्षा करायला वाळकी बसू लागली. वैद्यराज तिच्या शेजारी जमिनीवर बसत आणि आलेली प्रत्येक साल आधी स्वतःच्या जिभेवर ठेवत. म्हातारपणी त्यांच्या जिभेला दुसरी चवच कळेनाशी झाली होती. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणसावर संशय घेण्याआधी वस्तूची परीक्षा करावी, आणि ती परीक्षा आपल्या स्वतःच्या हातापासून सुरू करावी.