सशांचा त्याग

“सही करा आजी, वाद पुरे!” औषध कंपनीचे डॉक्टर भडकमकर तिसऱ्यांदा गरजले. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीत एक सामान्य माणूस लागतो, म्हणून घरीच अक्षरं गिरवून शिकलेल्या गजराबाई तिथे बसल्या होत्या.

“चाचणी संपली, बाराही ससे ठणठणीत आहेत. मग मारता कशाला? मला द्या, मी पाळते.”

“मारणं काय म्हणता? हा त्याग आहे, त्याग! मानवजातीसाठी ते स्वखुशीनं प्राण देतात.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गजराबाईंचं डोकं तडकलं. तरी आवाज न चढवता त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि डॉक्टरांनी ससे त्यांच्या हवाली केले.

“स्वखुशीनं देतात, तर पिंजऱ्याला कडी बाहेरून का हो?”