कुंपणापलीकडची वैरण

एकदा एका माणसाला शेजारणीच्या शेळ्यांचे दूध सलू लागले. माणसाचे नाव भागूजी, शेजारीण साळूबाई. दोघेही शेळीपालन शिकले ते एकाच वृद्ध गुरूंकडे. त्यांना सारे नाना म्हणत. मळणीनंतर उरणारे तुरीचे भुसकट, हरभऱ्याचे कुटार, भुईमुगाचा वाळला पाला, एवढ्यावर शेळी दुभती कशी ठेवावी, ही नानांची विद्या. त्यांनी ती दोघांना सारखीच दिली होती. तरी साळूबाईची चरवी भरून जाई आणि भागूजीच्या चरवीचा जेमतेम तळ झाकला जाई.

त्यातच नाना थकले. आपली लाडकी शेळी चंद्री दोघांपैकी एकाच्या हवाली करायची, असे त्यांनी ठरवले. ती साळूबाईलाच मिळणार, या विचाराने भागूजीचा नुसता जळफळाट झाला. म्हाताऱ्याने हिला काहीतरी वेगळे शिकवले आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. वैरणीच्या वेळी तो आपल्या शेळ्यांपुढे पाटीभर भुसकट ओतून कुंपणाशी धावे आणि तिच्या गव्हाणीत काय पडते ते डोळे फाडून बघे. तिथेही भुसकटच पडे. मग तर तो आणखीच चिडे.

शेवटी त्याने नानांनाच आपल्या गोठ्यात बोलावून आणले. "नाना, खरं सांगा. साळूला कोणती वैरण सांगितलीत? माझ्यापासूनच का लपवता?"

नानांनी एकाच पोत्यातला पाला काढून दोन पेंढ्या बांधल्या आणि त्याच्या दोन शेळ्यांसमोर टांगल्या. त्यांतल्या शिंगाळीने आपल्या पेंढीला तोंड लावले न लावले तोच शेजारच्या पेंढीवर झडप घातली. त्या ओढाताणीत तिची स्वतःची पेंढी सुटून खाली पडली आणि तिच्याच खुरांखाली गेली. तिला मागे ओढल्यावर तिने खालचा पाला हुंगला आणि तोंड फिरवले.

"का खात नाही रे ती?" नानांनी विचारले.

"तुडवलेलं शेळी खात नाही. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"मग रोज तुडवते तेव्हा तू कुठे असतोस? साळू मूठमूठ घालते, उरलेलं उचलते, झटकून पुन्हा घालते. वैरण एकच आहे, बाबा. तिच्या शेळ्यांवर तिचं लक्ष, आणि तुझंही लक्ष तिच्याच शेळ्यांवर. तुझ्या शेळ्यांकडे बघायला उरलं कोण?"

भागूजीने खाली पाहिले. सकाळचे भुसकट लेंड्यांत कालवून पडले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नानांनी सोबत आणलेल्या चंद्रीचे दावे त्याच्याच हाती दिले. "जा, साळूच्या गोठ्यात बांधून ये."

तो गेला. चंद्रीला बांधून परतताना त्याची नजर कुंपणाकडे वळलीच. पण इतक्यात त्याच्या शेळ्या ओरडू लागल्या. त्याने पावले उचलली, खाली पडलेली पेंढी झटकून पुन्हा बांधली, आणि शिंगाळी खाऊ लागेपर्यंत तिच्याजवळच बसून राहिला.