पाण्यातली तेरा मिनिटं

पानमळे नावाचं एक गाव होतं. गावाला तळं होतं, तळ्याला दगडी घाट होता, आणि घाटावर दस्तगीर वस्ताद होते. पाठीला भोपळे बांधून त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. त्यातलेच दोघं सख्खे भाऊ, धैर्यशील आणि कुलदीप. आता थोरला एकटाच यायचा.

"वस्ताद, पाण्यात माझी तेरा मिनिटं जातात कुठं?" एका सकाळी धैर्यशीलनं येऊन विचारलं.

"पुण्याचा मास्तर काय म्हणतोय?"

"हात चुकतोय म्हणतात."

"त्यानं तुझा हात बघितला?"

"मोबाईलवर."

"हं..."

धैर्यशील ट्रायथलॉन करायचा. म्हणजे आधी दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलीवर बसून चाळीस किलोमीटर तोडायचे, आणि उतरलं की वर दहा किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात. तीन वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही बघा. चारला उठायचा. भात सोडला, लग्नकार्यं सोडली. सायकल घेतली ती एका बोटावर उचलावी अशी. सायकलीत सहा मिनिटं वाचवली, पळण्यात चार. आणि पाण्यात तेरा घालवली.

"तीन वर्षांपूर्वी दोन तास अडतीस मिनिटं," तो म्हणाला. "परवा दोन एकेचाळीस."

"तीन मिनिटांपायी एवढा वाळलास?"

"मला ती अडतीस पुसायची आहे."

"का?"

"गेल्या महिन्यात तालुक्याला माझा सत्कार झाला. माईकवरच्या माणसानं माझी सगळ्यात चांगली वेळ वाचली. तारखेसकट. आई पहिल्या रांगेत होती."

"मग?"

"चपला तिथंच टाकून घरी गेली."

ती तारीख गावात सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशी दोघं भाऊ धरणाच्या पाण्यात बरोबरच उतरले होते. धैर्यशील वर आला, सायकलीवर बसला, पळाला, गळ्यात पदक घालून घेतलं. मग कुणीतरी त्याला सांगितलं, कुलदीप पाण्यातून वर आलाच नाही.

"त्याहून चांगली वेळ लागली, की ती मागं पडेल," धैर्यशील म्हणाला. "परत कुणी वाचणार नाही."

"पोहून दाखव."

तो समोरच्या वडापर्यंत पोहत गेला आणि परत आला. वस्ताद घाटावर बसून एकेक खडा बाजूला ठेवत होते.

"हात बरोबर हाय," ते म्हणाले. "मान फिरती. सव्वीस बारी."

"उघड्या पाण्यात दिशा धरायला डोकं काढावंच लागतं, वस्ताद."

"दिशा पुढं असती, लेका. तू मागं बघतोस. त्या दिवशी किती बारी बघितलंस?"

"एकदाही नाही."

"मग अडतीसच लागणार."

धैर्यशील ओल्या अंगानं पायरीवर बसला.

"म्हणजे ती पुसायची तर परत तसंच पोहायचं. मागं न बघता."

"व्हय."

"आणि बघत राहिलो, तर ती तशीच राहणार. मी मरेपर्यंत."

"मेल्यावर बी."

"मग मी करू काय, वस्ताद?"

पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या. त्या डुंबल्या, निघून गेल्या.

"त्यानं हाक मारली होती," धैर्यशील खाली बघून म्हणाला. तीन वर्षांत हे त्यानं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "दादा म्हणून. दोनदा. मला वाटलं, चेष्टा करतोय. मागं पडला की मारायचाच तो हाक, मला थांबवायला." त्यानं मान वर केली. "तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. शर्यतीत कुणी हाक मारली तरी वळायचं नाही."

"शिकवलं हुतं."

"बरोबर होतं का ते?"

वस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन दमांत. कुलदीप गेल्यापासून त्यांनी पाण्यात पाय घातला नव्हता, पोरांना काठावरूनच ओरडून शिकवायचे. त्यांनी टोपी काढली. सदरा काढला, घडी घालून पायरीवर ठेवला. मग पाण्यात शिरले. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. वय ऐंशीच्या पुढं, आणि पाणी असं गार, की त्यांचे दात वाजलेले ऐकू आले.

"वस्ताद, वर या. झेपणार नाही तुम्हाला."

"झेपंल तेवढं येतो."

"कुठं?"

"तुझ्या मागं. तू हो पुढं. मी हाक मारली, की वळ."